मांडवाच्या खांबाशी उभे पाहुणे

रविवारच्या मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वेळ झाली की आपल्या मंदिरांतील बाके एकामागून एक रिकामी होऊ लागतात. आजी उठते, तिच्यामागून सून उठते, नऊ-दहा वर्षांचा नातू हात जोडून पुढे सरकतो. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते प्रेषितांच्या काळापासून अखंड चालत आले असावे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. दर रविवारी लागणारी, एवढ्या लांबीची आणि लहान मुलांना सामावून घेणारी ही रांग फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. त्यापूर्वीची कित्येक शतके बहुसंख्य भाविक मिस्सेला येत, गुडघे टेकत, वेदीकडे डोळे लावून पाहत आणि न जेवताच घरी परतत. पंगत बसली आहे, पाने वाढली आहेत, यजमान हाताला धरून बोलावतो आहे आणि पाहुणे मात्र मांडवाच्या खांबाशी संकोचाने उभे आहेत, असे हे विलक्षण चित्र होते.

देवाची समृद्धी आणि देवाचे सान्निध्य या विषयावर आम्ही धर्मगुरू बहुधा उपदेश करतो. येथे उपदेश बाजूला ठेवून थोडा इतिहास सांगावा, असे आम्ही योजिले आहे. सान्निध्य कसे दुरावते आणि ते कोणत्या वाटेने परत येते, हे या एका पंगतीच्या कथेत जितके स्पष्ट दिसते तितके ते शंभर प्रवचनांतूनही दिसणार नाही.

इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोममध्ये सम्राट अंतोनिनस पायस यास उद्देशून ख्रिस्ती धर्माचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शहरांतील व खेड्यांतील लोक एकत्र जमत, प्रेषितांच्या आठवणींचे आणि संदेष्ट्यांच्या लेखनाचे वाचन होई, अध्यक्ष बोध करी, भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाई आणि मग उपस्थितांपैकी प्रत्येक जण त्यातून ग्रहण करी. जे येऊ शकले नसत त्यांच्यासाठी डीकन तो वाटा त्यांच्या घरी नेऊन देत. ज्यांची ऐपत असे ते इच्छेनुसार दान देत आणि त्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी वाहिली जाई. वेदीवरची समृद्धी वेदीपाशीच थांबत नसे, ही गोष्ट वाचकांनी येथे विशेष लक्षात घ्यावी.

त्यानंतरच्या पिढ्यांतील पुरावाही हेच सांगतो. कार्थेजचा तेर्तुलियन लिहितो त्यावरून भाविक ख्रिस्तशरीर घरी जपून ठेवीत आणि दिवसाचे पहिले अन्न म्हणून ग्रहण करीत. इ. स. ३७२ च्या सुमारास संत बेसिल एका पत्रात नमूद करतात की, त्यांच्या प्रदेशात आठवड्यातून चार वेळा ख्रिस्तशरीर घेण्याची रीत आहे आणि रोज घेणे तर त्याहून हितकर. सम्राट डायोक्लेशियनच्या छळाच्या काळात, इ. स. ३०४ मध्ये, उत्तर आफ्रिकेतील अबितिना गावच्या एकोणपन्नास स्त्रीपुरुषांना रविवारच्या उपासनेसाठी जमल्याबद्दल पकडून कार्थेजला नेण्यात आले. तू आपल्या घरात ही सभा का भरू दिलीस, असे न्यायाधीशाने त्यांच्यातील एमेरितुस नावाच्या इसमास विचारले. प्रभूच्या भोजनाशिवाय आम्ही राहूच शकत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. त्या भोजनाला तो भूक म्हणत होता, बक्षीस नव्हे.

मग हे भाविक खांबाशी जाऊन उभे राहिले ते कधी?

याला एक तारीख नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम यांच्या प्रवचनांत तक्रार ऐकू येते की, आम्ही वेदीपाशी रोज उभे राहतो ते व्यर्थच, कारण पुढे येणारा कोणी नाही. इ. स. ५०६ च्या आगद येथील धर्मपरिषदेला सांगावे लागले की, जो नाताळ, पुनरुत्थान आणि पेंटेकॉस्ट या तीन सणांनाही ख्रिस्तशरीर घेत नाही त्यास कॅथलिक समजू नये. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने तर वर्षातून किमान एकदा, पुनरुत्थानकाळात, असा नियम घातला. नियमाचा आकडा जसजसा खाली येतो तसतसे लोक किती मागे सरले होते हे आपोआप कळते. आणि हे केवळ धर्माकडे दुर्लक्ष करणाऱ्यांविषयी नव्हते. असिसीच्या संत क्लारा यांनी आपल्या भगिनींसाठी लिहिलेला जो नियम १२५३ मध्ये मान्य झाला, त्यात वर्षातून सात वेळा ख्रिस्तशरीर घ्यावे असे आहे. ज्यांनी देवासाठी सारे सोडले, रात्रंदिवस प्रार्थना केली, त्यांना वर्षात सातच वेळा! फ्रान्सचे राजे संत लुई सहा वेळा घेत. प्याला तर प्रापंचिकांच्या ओठांपासून दूरच गेला आणि १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्या प्रथेला नियमाचे रूप दिले.

याची कारणे अनेक. ख्रिस्त हा पूर्ण अर्थाने देव नाही, असे म्हणणाऱ्या एरियसच्या पाखंडाला उत्तर देताना ख्रिस्तसभेने प्रभूच्या देवत्वावर भर दिला आणि तो द्यायलाच हवा होता. परंतु सामान्य भाविकाच्या मनात त्यामुळे सरोवराकाठी मासळी भाजून शिष्यांची वाट पाहणारा येशू मागे पडला आणि सिंहासनावरचा न्यायाधीश पुढे आला. उपासनेची लॅटिन भाषा लोकांना कळेनाशी झाली. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी पाळावयाच्या उपवासाचे व शुद्धतेचे नियम वाढत गेले. पण या सर्वांच्या मुळाशी एक जुनीच मानवी वृत्ती आहे, असे आम्हांला वाटते. लूकच्या शुभवर्तमानात पेत्राची कथा आहे. रात्रभर जाळे टाकून हाती काही लागले नव्हते आणि प्रभूच्या शब्दावरून पुन्हा टाकताच दोन्ही मचवे बुडू लागतील इतकी मासळी आली. आपल्या कोळी बांधवांपैकी कोणीही अशा वेळी प्रथम जाळे सावरील, मग देवाचे आभार मानील. पेत्राने मात्र पाया पडून विनविले की, प्रभो, तू माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे. समृद्धी अंगावर कोसळली की माणूस आधी घाबरतो, आणि देणाऱ्यालाच दूर जायला सांगतो. प्रभू दूर गेला नाही, हे लूकने लगेच पुढे सांगितले आहे. पेत्राचे पहिले वाक्य मात्र ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके मनाशी जपले.

भूक काही मेली नव्हती. १२०० च्या सुमारास पॅरिसमध्ये अभिषेकानंतर ख्रिस्तशरीर उंच धरून लोकांना दाखविण्याची प्रथा सुरू झाली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. त्या एका क्षणासाठी लोक एका मंदिरातून दुसऱ्या मंदिरात धावत. लिएजच्या संत ज्युलियाना यांच्या तळमळीतून निघालेला ख्रिस्तशरीराचा सण पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये सर्व ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. मुखाने जे घेण्याचे धैर्य नव्हते ते लोक डोळ्यांनी घेऊ लागले. या भक्तीला आम्ही नावे ठेवणार नाही. तिच्यातून आराधनेचे मोठे धन ख्रिस्तसभेला लाभले आहे. तथापि जेवणाकडे पाहून पोट भरत नाही, हेही खरे.

त्रेंत येथील परिषदेने १५६२ मध्ये अशी इच्छा प्रकट केली की, प्रत्येक मिस्सेला उपस्थित भाविकांनी ख्रिस्तशरीरही घ्यावे. येशूसंघीय व इतर धर्मगुरू वारंवार ख्रिस्तशरीर घेण्याचा प्रचार करू लागले. वारे फिरेल असे वाटत होते. आणि नेमक्या याच वेळी फ्रान्समध्ये दार पुन्हा लोटले गेले.

आंत्वान आर्नो हे विद्वान धर्मगुरू पोर-रोयाल मठाच्या परिवारातले, यान्सेनवादी विचारांचे. १६४३ मध्ये त्यांचा वारंवार ख्रिस्तशरीर घेण्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निमित्त घडले ते दोन उमराव स्त्रियांमधील वादाचे. एकीच्या येशूसंघीय मार्गदर्शकाने तिला ज्या दिवशी नाचाच्या मेजवानीस जायचे त्याच दिवशी ख्रिस्तशरीर घेण्याची मोकळीक दिली होती. आर्नो यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता, हे मान्य केले पाहिजे. धर्म हा दागिन्यासारखा मिरविणारा एक वर्ग त्या काळी पॅरिसात होता, आणि आजही तो सर्वत्र असतो. परंतु त्यांनी सुचविलेला उपाय रोगापेक्षा भयंकर ठरला. दीर्घ प्रायश्चित्त करावे, वासनेची मुळे उपटून काढावी, मग यावे, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. मुळे पूर्ण उपटली गेली, असे कोणता प्रामाणिक माणूस म्हणू शकेल? निर्लज्ज होते ते येतच राहिले; जे हळवे व प्रामाणिक होते तेच मागे फिरले. संत विन्सेंट दी पॉल यांनी १६४८ मध्ये आपल्या संघातील एका धर्मगुरूस लिहिलेल्या पत्रात या ग्रंथाच्या परिणामांची नोंद आहे. पॅरिसच्या सें-सुल्पीस या एकाच धर्मग्रामात पुनरुत्थानाच्या सणाला ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांची संख्या तीन हजारांनी घटल्याचे त्यांनी लिहिले. गोरगरिबांत आयुष्य घालविलेल्या त्या संताला आकड्यामागची उपाशी माणसे दिसत होती.

हा वाद फ्रान्समध्ये पेटलेला असतानाच आपल्या कोकण किनाऱ्यावरचा एक धर्मगुरू काय करीत होता, ते पाहण्यासारखे आहे. या दोन गोष्टी सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात बाणावली येथे, आजोळी झाला. त्यांचे घराणे सांकवाळचे. डच सत्तेने १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतल्यावर श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली. तेथील भाविक मिस्सेवाचून, ख्रिस्तशरीरावाचून राहिले. हे ऐकून फादर वाझ १६८७ मध्ये जॉन नावाच्या एका विश्वासू सोबत्यासह, मजुराच्या वेशात जाफन्यास उतरले. उतरताच अतिसाराने अंथरुणास खिळले आणि एका गरीब स्त्रीने आणून दिलेल्या पेजेवर तगले. बरे झाल्यावर भिकाऱ्याच्या वेशात, गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते का, हे पाहण्याची ती युक्ती होती. अशा रीतीने कॅथलिक घरे सापडली, आणि जवळपास तीस वर्षांच्या खंडानंतर त्या लोकांनी रात्रीच्या अंधारात मिस्सा ऐकली व ख्रिस्तशरीर घेतले.

१६८९ च्या नाताळात डच अधिकाऱ्यांनी मिस्सेसाठी सजविलेल्या घरांवर छापे घातले आणि अनेकांना बंदीत टाकले. फादर वाझ निसटले, पुढे कँडीच्या राज्यात गेले, तेथे हेर समजून पकडले गेले, आणि तुरुंगातच त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा नातलगांनी रानात टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. १६ जानेवारी १७११ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. १९९५ मध्ये कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. ज्यांच्या ठायी देवाविषयी अत्यंत शुद्ध, कशाचीही भेसळ नसलेले प्रेम नाही त्यांना ख्रिस्तशरीरापासून दूर ठेवावे, हे यान्सेनवादी मत पोप आठवे अलेक्झांडर यांनी डिसेंबर १६९० मध्ये निषिद्ध ठरविले. त्याच वर्षांत बाणावलीचा हा धर्मगुरू जंगलातून, पाळत चुकवीत, वेदीचे सामान वाहून नेत होता. ज्यांच्यासाठी नेत होता त्यांच्यापैकी कित्येकांनी भीतीपोटी डच प्रार्थनामंदिरांत हजेरी लावली होती, मुलांचे बाप्तिस्मे तेथे करून घेतले होते. तुम्ही आधी योग्य व्हा, मग मी येतो, असे फादर वाझ म्हणाले असते तर श्रीलंकेतील ख्रिस्तसभेचे काय झाले असते? त्यांनी लोकांचे पापनिवेदन ऐकले, त्यांना समेट दिला आणि पंगतीला बसविले. ईशज्ञानाच्या ग्रंथांत जे उत्तर सापडत नव्हते ते येथे पायांनी दिले गेले.

युरोपात मात्र पोपच्या निषेधानंतरही यान्सेनवादाचा गारठा आणखी दोनशे वर्षे टिकला. बाळ येशूच्या संत तेरेजा यांच्या चरित्रात तो जाणवतो. वयाचा नियम जानेवारीच्या पहिल्या तारखेशी बांधलेला आणि तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ चा, म्हणून प्रथम ख्रिस्तशरीरासाठी त्या मुलीला वर्षभर अधिक थांबावे लागले. ८ मे १८८४ रोजी ती ख्रिस्तशरीर घेती झाली तेव्हा तिला अकरा वर्षे पूर्ण झाली होती. पुढे कार्मेल मठात गेल्यावरही रोज ख्रिस्तशरीर घेण्याची मुभा नव्हती. १८९१-९२ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने मठातील भगिनी अंथरुणाला खिळल्या, काही दगावल्या. त्या दिवसांत मात्र तिला रोज ख्रिस्तशरीर मिळाले. तिने आपल्या आत्मकथनात या लाभाचा आनंदाने उल्लेख केला आहे. मृत्यू दाराशी आला तेव्हा नियम बाजूला सरला!

आणि मग आले पोप दहावे पायस. जुजेप्पे सार्तो हे रिएसे या खेड्यातील टपाल पोहोचविणाऱ्या गरीब माणसाचे पुत्र. १८५८ मध्ये गुरुदीक्षा घेतल्यावर तोम्बोलो येथे साहाय्यक आणि १८६७ पासून साल्झानो येथे प्रमुख धर्मगुरू म्हणून त्यांनी खेड्यापाड्यांत सेवा केली. धर्मग्रामातील माणूस कशाने खचतो आणि कशाने उभा राहतो, हे त्यांनी पुस्तकांतून शिकलेले नव्हते. २० डिसेंबर १९०५ रोजी त्यांच्या मान्यतेने निघालेल्या आदेशाने बाराशे वर्षांहून अधिक काळाच्या संकोचावर पडदा टाकला. दोनच अटी राहिल्या: भाविक कृपावस्थेत असावा आणि त्याचा हेतू शुद्ध असावा. सवय, दिखावा किंवा लोक काय म्हणतील हा हेतू नसावा, देवाशी प्रेमाने जोडले जावे आणि आपल्या दुबळेपणावर औषध मिळावे हा असावा. ख्रिस्तशरीर हे सद्गुणांचे पारितोषिक नव्हे, असे त्या आदेशात साफ म्हटले आहे. पाठोपाठ ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने समज येण्याचे वय, म्हणजे साधारण सातवे वर्ष, मुलांसाठी पुरेसे ठरविले. आपल्या मंदिरांत पांढऱ्या पोशाखातील मुलांची जी ओळ आपण कौतुकाने पाहतो ती या खेडवळ पोपमहोदयांची देणगी आहे.

उरला होता मध्यरात्रीपासूनचा उपवास. पाण्याचा घोटदेखील वर्ज्य. आमच्या पिढीच्या आईवडिलांना तो चांगला आठवे. वाडीत राबणारा किंवा रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी उशिराच्या मिस्सेपर्यंत निर्जळ राहणार तरी कसा? बाराव्या पायस यांनी १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक दिली व संध्याकाळच्या मिस्सेची वाट उघडली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला. पोप सहावे पॉल यांनी २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तो एक तासावर आणल्याचे जाहीर केले. त्यानंतर अकराच दिवसांनी, २ डिसेंबरला, ते मुंबईत उतरले. अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद महासंमेलनासाठी ओव्हल मैदानावर लोटलेला जनसागर ज्यांनी पाहिला ते वृद्ध आजही त्याविषयी बोलू लागले की थांबत नाहीत. भारतात आलेले ते पहिले पोप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेचे दारही उघडले होते आणि काही वर्षांतच वेदीवरून मराठी शब्द ऐकू येऊ लागले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून मराठी ओव्यांतून शुभवर्तमान लोकांच्या कानी घातले होते, पण मिस्सेची भाषा मराठी व्हायला त्यानंतर साडेतीन शतके जावी लागली.

अशा रीतीने पंगत जवळ आली. पाहुणे मात्र सगळेच बसलेले नाहीत, हे आम्ही वेदीवरून दर रविवारी पाहतो. काही जणांच्या बाबतीत खरोखर अडचण असते. ती धर्मगुरूशी मोकळेपणाने बोलावी, पापनिवेदन करावे, मार्ग निघतो. परंतु मागच्या बाकावर बसून राहणाऱ्यांपैकी कित्येकांना नेमकी कोणती अडचण आहे ते सांगता येत नाही. आपण कुठले एवढे चांगले, एवढेच ते म्हणतात. त्यांनी आर्नोचे नावही ऐकलेले नसते. दुसरीकडे, शेजारचा उठला म्हणून उठणारे आणि वर्षानुवर्षे पापनिवेदनाची पायरी न चढणारेही आहेत. १९०५ च्या आदेशातील दुसरी अट त्यांच्यासाठी आहे. या दोहोंपैकी आम्हांला अधिक काळजी पहिल्यांची वाटते. दुसऱ्यांना निदान पंगतीची सवय तरी आहे.

शेवटची एक तारीख सांगावयाची राहिली. २९ जानेवारी १९७३ रोजी पोप सहावे पॉल यांच्या काळात निघालेल्या आदेशाने प्रापंचिकांनाही ख्रिस्तशरीर देण्याची विशेष सेवा सोपविण्याची सोय झाली. रविवारची मिस्सा आटोपली की हे सेवक, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी गृहिणी, छोटी डबी छातीशी धरून आजाऱ्यांच्या घरी जातात. संत जस्टिन यांनी वर्णन केलेल्या त्या डीकनांनंतर सुमारे अठराशे वर्षांनी ही वाट पुन्हा रहदारीची झाली. घरात आधीच कळविलेले असते. पलंगाजवळच्या स्टुलावर धुतलेले पांढरे कापड, एक मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवलेले असते, आणि म्हातारी सकाळपासून सुनेला विचारीत असते, आले का गं?